रक्त दिसत नाही, मग एचआयव्ही शिरतो कोठून?

पारोळा तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचा थोरला भाऊ मालट्रकवर चालक आहे आणि त्याच्या लग्नाला सहा वर्षे झाली आहेत. चार महिन्यांपूर्वी भावाला क्षयाचे निदान झाले, त्या वेळी पद्धतीप्रमाणे एचआयव्हीची तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू आहे. सहा वर्षांत निरोध एकदाही वापरलेला नसताना वहिनीची तपासणी मात्र दोनदा झाली आणि दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. "हा आजार रक्तातून जातो असे सगळे सांगतात. संबंधात रक्त येतेच कोठे? मग तो शिरतो कसा? आणि शिरत असेल तर वहिनीला का झाला नाही? रिपोर्ट चुकला आहे, की तिच्या रक्तात काही वेगळी ताकद आहे?" असे त्याने विचारले आहे. घरातील एक-दोन माणसे आता वहिनीकडेच संशयाने पाहू लागली आहेत, हेही त्याने लिहिले आहे.

प्रश्न वरवर तीन-चार दिसत असले तरी मुळात तो एकच आहे : संबंधातून एचआयव्ही 'जातो' म्हणजे नेमके काय, कोठून आणि कोठपर्यंत जाते? हे पेशींच्या पातळीवर नीट समजले की वहिनीच्या निगेटिव्ह रिपोर्टात चमत्कारही उरत नाही आणि संशयाला जागाही उरत नाही. मी धुळे-जळगाव पट्ट्यात गेली बावीस वर्षे त्वचारोग व गुप्तरोगांचे रुग्ण पाहतो, आणि त्यांपैकी बरीच वर्षे एआरटी घेणाऱ्यांबरोबर गेली आहेत. सुरुवातीच्या काळात यावल तालुक्यातून आलेल्या एका वडिलांनी मुलाचा रिपोर्ट हातात धरून मला हाच प्रश्न अहिराणीत विचारला होता : "डाक्टर, रगत ते दिखनं नही, मंग हाऊ आजार घुसना कथाईन?" बाहेर रांग लागलेली होती. मी घाईने "बारीक जखमेतून" एवढेच सांगून मोकळा झालो. त्यांनी त्याचा अर्थ असा काढला की सुनेला जखम नाही, तर तिला आजारही नाही. आणि तिची तपासणी वर्षभर लांबली. ते उत्तर चुकीचे नव्हते, अर्धे होते, आणि त्या अर्ध्या उत्तराचे ओझे माझ्यावर आहे. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिला गैरसमज रक्ताचा. एचआयव्ही ज्या पेशीत शिरून वाढतो ती म्हणजे सीडी-४ हे प्रथिन अंगावर बाळगणारी पांढरी पेशी. मुख्यतः मदतनीस टी पेशी. आपण सीडी-४ ची मोजणी रक्तातून करतो, कारण रक्त काढणे सोपे असते, आणि त्यामुळे या पेशी रक्तातच राहतात असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात शरीरातील एकूण लसिकापेशींपैकी (टी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशींपैकी) शेकडा दोनच्या आसपास पेशी कोणत्याही क्षणी रक्तात फिरत असतात; बाकीच्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत आणि योनिमार्ग, गर्भाशयमुख, गुदाशय, शिश्नाची पुढची कातडी यांच्या अस्तरात व अस्तराखाली ठाण मांडून असतात. म्हणजे विषाणूला रक्तवाहिनीपर्यंत पोहोचण्याची गरजच नसते. अस्तराच्या काही दशांश मिलिमीटर खाली त्याला हवी ती पेशी मिळू शकते. रक्तात तो नंतर, आठ-दहा दिवसांनी दिसू लागतो. रक्त हे त्याचे प्रवेशद्वार असलेच पाहिजे असे नाही.

आता तो येतो कशातून ते पाहू. बाधित पुरुषाच्या वीर्यात एचआयव्ही दोन रूपांत असतो : मोकळे विषाणूकण आणि विषाणू पोटात बाळगणाऱ्या पांढऱ्या पेशी. शुक्राणू हे त्याचे वाहन नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण "माझी नसबंदी झालेली आहे, मग बायकोला धोका कसा?" असे विचारणारे पुरुष मला आजही भेटतात. नसबंदीत शुक्राणूंची वाट बंद होते, विषाणूची होत नाही. तांबी आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचेही तेच. वीर्यपतनापूर्वी येणाऱ्या चिकट स्रावातही विषाणू असू शकतो, त्यामुळे "शेवटी बाजूला झालो" हा बचाव भरवशाचा नाही. बाधित स्त्रीच्या योनिस्रावात व गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातही तो याच दोन रूपांत असतो.

समोर आडवी येते ती अस्तराची भिंत. ओपीडीत मी केसपेपरच्या मागे दोन भिंती काढून दाखवतो. योनिमार्गाचे अस्तर आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घराच्या भिंतीसारखे असते : चपट्या पेशींचे वीसहून अधिक थर एकावर एक लिंपलेले. विषाणूकणाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा आणि सीडी-४ पेशी त्याच्या ऐंशी-शंभर पट रुंद, हे प्रमाण लक्षात घेतले तर ही भिंत त्याच्यासाठी किती जाड आहे याची कल्पना येईल. गर्भाशयमुखाच्या आतील बाजूचे अस्तर आणि गुदाशयाचे अस्तर मात्र उभ्या पेशींच्या एकाच ओळीचे असते. पऱ्हाट्यांचा कूड उभा करावा तसे. त्या कुडामागे, विशेषतः गुदाशयात, सीडी-४ पेशींची दाटी असते. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला धोका कित्येक पटींनी जास्त का, याचे मोठे कारण या एका ओळीत आहे. त्याचा चारित्र्याशी संबंध नसून पेशींच्या रचनेशी आहे. हाच संबंध पती-पत्नींत झाला तरी धोका तेवढाच असतो.

भिंतीच्या अलीकडेही विषाणूला सुख नसते. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे मित्रजंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट वातावरणात विषाणू फार टिकत नाही. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव त्याला जाळ्यात धरून ठेवतो. अर्थात वीर्य स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे ते हा आंबटपणा काही तासांसाठी मोडते. मित्रजंतू कमी होऊन वास येणारा पांढरा स्राव सुरू झाला, म्हणजे ज्याला बायका अंगावरून पांढरे जाणे म्हणतात त्याचा एक प्रकार झाला, की हे संरक्षण आधीच ढासळलेले असते आणि शिवाय दाहामुळे पांढऱ्या पेशी जागेवर गोळा झालेल्या असतात. येथे एक कळकळीची सूचना करतो : साबण, तुरटी, जंतुनाशक द्रावण यांनी योनिमार्ग आतून धुऊ नये. धुतल्याने विषाणू जात नाही, मित्रजंतू जातात आणि भिंत खरवडली जाते. याचा मोठा धडा विज्ञानाला २००० साली मिळाला. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक परीक्षानळीत एचआयव्हीला मारत असे, म्हणून त्याचे जेल आफ्रिकेतील व थायलंडमधील स्त्रियांना देऊन चाचणी घेण्यात आली. आणि जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत लागण कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. औषध विषाणूचे आवरण फोडत होते, तसेच ते अस्तराच्या पेशीही फोडत होते.

भिंत पार होते ती तीन-चार वाटांनी. घर्षणाने अस्तराला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. माझे जुने 'बारीक जखम' हे उत्तर ते एवढेच. पण चीर नसतानाही विषाणूकण वरच्या सैल पेशींच्या फटींतून काही थर खाली झिरपू शकतात. तिसरी वाट सर्वांत विचित्र आहे. अस्तराच्या थरांमध्येच लँगरहान्स पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्या आपले हातासारखे तंतू वरच्या थरांपर्यंत पसरून येईल तो जंतू पकडतात. विषाणू थोडे असले तर लँगरहान्स पेशी त्यांना गिळून नष्ट करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. विषाणूंचा लोंढा मोठा असला किंवा जागा आधीच सुजलेली असली, तर मात्र हाच पहारेकरी कमी पडतो आणि पकडलेला विषाणू शेजारच्या टी पेशीच्या हवाली करतो. अस्तराखालचे त्यांचे भाईबंद, डेंड्रिटिक पेशी, हेही तसेच करतात. पकडलेला जंतू टी पेशींना नेऊन दाखवणे हे त्यांचे नेमून दिलेले कामच आहे, आणि एचआयव्ही त्या कामावर बसून प्रवास करतो.

टी पेशीला भिडल्यावर जे होते ते सेकंद-मिनिटांचे काम असले तरी त्यावर निम्मे औषधशास्त्र उभे आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. विषाणूच्या गोल आवरणावर जेमतेम दहा-पंधरा खुंट असतात. प्रत्येक खुंटाचे डोके जीपी-१२० या प्रथिनाचे आणि देठ जीपी-४१ चे असते. जीपी-१२० सीडी-४ ला चिकटले की त्याचा आकार बदलतो आणि त्याचा आतापर्यंत झाकलेला भाग उघडा पडतो. त्या भागाला पेशीवरचे दुसरे प्रथिन लागते. लैंगिक मार्गाने पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमी सीसीआर-५ असते. दोन्ही जुळले की देठ ताठ होऊन गळासारखा पेशीच्या पडद्यात रुततो, मग स्वतःभोवती दुमडतो, आणि त्या दुमडण्याच्या ओढीने विषाणूचे आवरण व पेशीचा पडदा एकमेकांना टेकून एकजीव होतात. विषाणूचा शंकूच्या आकाराचा गाभा आत पडतो. सीडी-४ आहे पण सीसीआर-५ नाही, अशा पेशीसमोर हा विषाणू बहुधा हात हलवत परत जातो. त्वचेच्या वरच्या पेशींवर सीडी-४ नाही, डासाच्या पोटातील पेशींवर नाही. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, ते याच कारणाने.

आत गेल्यावर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय आराखडा, घेऊन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) त्याची डीएनए प्रत बनवते, आणि इंटिग्रेज हे दुसरे विकर ती प्रत पेशीकेंद्रात नेऊन आपल्या स्वतःच्या डीएनएत जोडते. शेतकऱ्याला मी हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो : एकदा परक्याचे नाव उताऱ्यावर चढले की जमिनीचे प्रत्येक कागदपत्र त्याच्या नावासह निघते. ती पेशी जेव्हा जेव्हा जागी होऊन काम करील तेव्हा तेव्हा विषाणूचे भाग तयार होतील, प्रोटिएज हे तिसरे विकर ते कापून जुळवील, आणि नवे विषाणू बाहेर पडतील. काही पेशी मात्र ही नोंद पोटात घेऊन वर्षानुवर्षे निजून राहतात. एआरटीची गोळी नक्कल करणारी आणि जोडणारी विकरे बंद पाडते, पण झालेली नोंद खोडू शकत नाही; एआरटी आयुष्यभर का घ्यावी लागते, त्याचे उत्तर या निजलेल्या पेशींत आहे.

येथपर्यंतचे वाचून असे वाटेल की प्रत्येक संबंधात हे सर्व घडतच असणार. उलट आहे. बहुतेक वेळा ही साखळी कोठे तरी तुटते : स्रावात, आम्लात, थरांत, पहारेकऱ्याजवळ, किंवा पहिली बाधित पेशी दुसरीला बाधित करण्याआधीच मरून. याचा पुरावा विषाणूच्या जनुकांतच सापडला आहे. देणाऱ्याच्या शरीरात एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे असे असंख्य विषाणू असतात. पण स्त्री-पुरुष संबंधातून नव्याने लागण झालेल्या व्यक्तींचे रक्त अगदी सुरुवातीला तपासले, तेव्हा दहांपैकी साधारण आठ जणांतील सर्व विषाणू एकाच मूळ कणाचे वंशज निघाले. रावेर-यावलकडच्या वाचकाला हे लगेच कळेल. टिश्यू कल्चरची हजारो केळीची रोपे एका निवडलेल्या कंदातून काढलेली असतात, म्हणून सगळी बाग एका मापाची दिसते. नवी लागण पहिल्या आठवड्यांत तशीच एका मापाची असते. पुढे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नक्कल करताना चुका करते, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत बागेत वेगवेगळी झाडे दिसू लागतात. लाखो कण आले, बहुधा एक रुजला. पुष्कळदा एकही रुजत नाही.

रुजला तर पुढचा क्रम ठरलेला आहे. पहिले काही दिवस वाढ जागेवरच, मूठभर पेशींत चालते. मग बाधित पेशी जवळच्या लसिका ग्रंथींत जातात. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येते, ती हीच वाट. तेथे सीडी-४ पेशींची गर्दी असल्यामुळे वणवा पेटतो, आणि साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास विषाणू रक्तात मोजता येण्याइतका होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो आतड्याच्या भिंतीतील सीडी-४ पेशींचा मोठा साठा उद्ध्वस्त करतो आणि रक्तात प्रति मिलिलिटर दहा लाखांच्या वरही जाऊ शकतो. या दिवसांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येते, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. साधी तपासणी जी शोधते ती प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) अजून पुरेशी तयार झालेली नसल्यामुळे साधी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि नेमक्या याच दिवसांत तो मनुष्य सर्वाधिक संसर्गकारक असतो.

आता वहिनीकडे येऊ. उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाकडून निरोधाशिवायच्या एका योनिसंबंधात स्त्रीला लागण होण्याचा सरासरी धोका १०,००० मागे ८ इतका मानला जातो. बाधित स्त्रीकडून पुरुषाला १०,००० मागे ४. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला तो १०,००० मागे १३८ आहे. आठवड्याला दोन याप्रमाणे वर्षाला शंभर आणि सहा वर्षांत सहाशे संबंध धरले, आणि भाऊ पहिल्या दिवसापासून बाधित होता असे धरले, तरी नुसत्या सरासरीच्या हिशेबाने अशा शंभर स्त्रियांपैकी साठ-बासष्ट जणी सहा वर्षांनंतरही निगेटिव्हच असतील. ट्रकचालक महिन्यातील किती रात्री घरी असतो हे आपल्याला ठाऊक आहेच. आणि भावाला लागण नेमकी कधी झाली हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणजे वहिनीचा रिपोर्ट हा अपवाद नाही, बहुसंख्येतला आहे. त्यासाठी रक्तात ताकद असावी लागत नाही. सीसीआर-५ जन्मतःच नसलेली माणसे जगात आहेत हे खरे, पण तो जनुकीय बदल मुख्यतः युरोपीय वंशात आढळतो आणि आपल्याकडे अत्यंत दुर्मीळ आहे. त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

हेच गणित उलट्या बाजूने वाचून "एवढा कमी धोका आहे तर" असे म्हणणारे लोक मला भेटतात, म्हणून सरासरीचा खोटेपणाही सांगितला पाहिजे. ही सरासरी परिस्थितीनुसार दहापट, वीसपट हलते. सर्वांत मोठा घटक म्हणजे देणाऱ्याच्या रक्तातील विषाणूंची संख्या, व्हायरल लोड. युगांडातील राकाई जिल्ह्यात एक जोडीदार बाधित व दुसरा नसलेल्या ४१५ जोडप्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा व्हायरल लोड प्रति मिलिलिटर १५०० च्या खाली होता त्यांच्याकडून एकही लागण झाली नाही, आणि वर जाताना धोका पायरीपायरीने वाढत गेला. क्षय होईपर्यंत भावाचा आजार लक्षात आला नाही, याचा अर्थ अलीकडच्या काळात त्याचा व्हायरल लोड बहुधा बराच असणार. त्यामुळे मागची वर्षे निभावली म्हणून पुढचे महिने निभावतील असे गृहीत धरता येणार नाही.

दुसरा घटक म्हणजे गुप्तांगावरील फोड, चट्टे, गरमी, परमा. पिंपळनेरकडील एका जोडप्याची मला नेहमी आठवण होते. त्यातील पत्नीला नागिणीच्या कुळातला जननेंद्रियांचा हर्पीस वारंवार उठत असे, तपासताना तिळाएवढ्या चार फोडांवर खपली धरलेली होती आणि ती म्हणाली, "आता बरे झाले, आता भीती नाही ना?" खपलीच्या वर पाहिले तर तिचे बरोबर होते. पण हर्पीसचा फोड भरून आल्यावरही त्या जागी सीडी-४ व सीसीआर-५ बाळगणाऱ्या पेशी कित्येक आठवडे दाटीने बसून राहतात, असे त्या जागेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले गेले आहे. फोड म्हणजे नुसते दार उघडणे नव्हे. दाराच्या आत नेमक्या हव्या त्याच पेशींची बैठक भरवणे आहे. तिला आम्ही बराच काळ निरोध वापरायला सांगितले.

पुरुषाच्या बाजूचे थोडक्यात सांगतो. शिश्नाच्या दांड्याची कातडी जाड व कोरडी असते. विषाणूला वाट मिळते ती पुढच्या कातडीच्या आतील ओलसर भागातून व मूत्रमार्गाच्या तोंडातून. त्या आतील भागात लँगरहान्स व सीडी-४ पेशी पृष्ठभागाजवळ असतात. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील तीन मोठ्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांत स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली, ती यामुळे. मात्र हा फायदा त्या पुरुषापुरता आहे. तो आधीच बाधित असेल तर सुंतेमुळे त्याची पत्नी सुरक्षित होत नाही.

वर सांगितलेल्या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडीवर आज काही ना काही उपाय आहे. निरोध विषाणूला भिंतीपर्यंतच येऊ देत नाही. फक्त त्याला खोबरेल तेल लावू नये, तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतो. भावाला बहुधा टीएलडी ही एकच गोळी मिळत असेल (क्षयाची औषधे चालू असताना तिच्याबरोबर डोल्युटेग्राविरची एक जादा मात्रा द्यावी लागते, ती चुकवू नये). तिच्यातील टेनोफोविर व लॅमिव्ह्युडिन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवतात, आणि डोल्युटेग्राविर इंटिग्रेजला, म्हणजे सातबाऱ्यावर नोंद चढवणाऱ्या हाताला, धरून ठेवते. नवीन पेशी बाधित होणे थांबले की वीर्यातील विषाणूही ओसरतो. १७६३ जोडप्यांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, ज्यात आपल्या पुण्याचीही जोडपी होती, लवकर एआरटी सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसले. पुढे युरोपातील अभ्यासात व्हायरल लोड दबलेल्या व्यक्तींच्या जोडीदारांनी निरोधाशिवाय सुमारे ५८,००० संबंध ठेवले आणि त्यांतून जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही. म्हणून आता आम्ही स्पष्ट सांगतो : व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून एचआयव्ही जात नाही.

पण भावाला चारच महिने झाले आहेत. व्हायरल लोड खरोखर दबला आहे हे अंदाजाने ठरत नाही, कागदावर यावे लागते. सहा महिने पूर्ण झाल्यावर एआरटी केंद्रात ही तपासणी मोफत होते. तोपर्यंत आणि त्या रिपोर्टनंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत निरोध प्रत्येक वेळी वापरावा. फेऱ्यांमुळे गोळ्या चुकत असतील तर ते केंद्रात लपवू नये. माझे कितीतरी चालक रुग्ण एक पट्टी गाडीच्या कप्प्यात आणि एक घरात ज्वारीच्या डब्यात ठेवतात. कोणालाही न कळता गोळी वेळेवर होते.

वहिनीच्या दोन रिपोर्टांबद्दल मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, आणि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे : निरोधाशिवायचा शेवटचा संबंध कधी झाला आणि दुसरी तपासणी त्यानंतर किती दिवसांनी झाली? दोन्हींत तीन महिन्यांचे अंतर असेल, तर तो रिपोर्ट पक्का मानावा. अंतर कमी असेल, तर तीन महिने भरल्यावर एकदा पुन्हा तपासणी करावी, आणि पुढेही भावाचा व्हायरल लोड दबेपर्यंत दर काही महिन्यांनी. मध्येच निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, शासकीय रुग्णालय गाठावे. विषाणू मूठभर पेशींत असतानाच औषध सुरू झाले तर त्याला रुजू न देण्याची संधी असते, आणि ते औषध २८ दिवस घ्यावे लागते. आणि मूल हवे असेल तर त्यासाठीही सुरक्षित मार्ग आहेत. व्हायरल लोड दबल्यानंतर तो विषय दोघांनी मिळून डॉक्टरांकडे काढावा.

राहिला घरच्यांचा संशय. वहिनी निगेटिव्ह असल्यामुळे भावाला आजार तिच्याकडून आलेला असणे शक्यच नाही, हे तर उघड आहे. "ती नवऱ्याजवळ राहतच नसेल" हा निष्कर्षही वरच्या हिशेबापुढे टिकत नाही. कोणाचा रिपोर्ट कोणाला कळावा हेही घरातील ज्येष्ठांनी ठरवायचे नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि संमतीशिवाय तपासणी करणे किंवा निकाल उघड करणे त्याला मान्य नाही. तुम्ही दीर आहात, तुमचे घरात ऐकले जात असेल, तर दोघांना एकत्र समुपदेशकाकडे जाऊ द्या आणि स्वतः बाहेर बाकावर बसा. जाण्याआधी काही विचारायचे असल्यास १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. भावाच्या सहाव्या महिन्याच्या तपासणीची तारीख त्याच्या एआरटी पुस्तिकेत किंवा कार्डावर लिहिलेली असेल. ती पाहून त्या दिवशी त्याची फेरी लागणार नाही एवढे मालकाशी आजच बोलून ठेवावे.